अर्ध्या बादलीत अख्खी गाडी

बालमित्रांनो, आज हिशेबाची वही घेऊन बसा बरं! घाबरू नका, परीक्षा नाही. एक बादली, पाण्याची रबरी नळी आणि सेकंद दाखवणारं घड्याळ एवढंच सामान लागणार आहे.

नळी नळाला जोडा, नळ पुरता सोडा आणि १५ लिटरची बादली किती वेळात भरते ते मोजा. (आधी आईला विचारा हं! आणि ते पाणी फेकू नका, कुंड्यांना घाला.) कुठं नळाला जोर जास्त असतो, कुठं कमी, पण गच्चीवरच्या टाकीतून पाणी येत असेल तर बादली साधारण मिनिटभरात भरते. आता रविवारची सकाळ आठवा. शेजारचे काका चारचाकी धुवायला काढतात. नळी सुरू होते. ते साबण लावत असतात तेव्हा नळी खाली फरशीवर वाहतच असते. मग परत पाणी, मग चाकं, मग काचा. ओळखीचं कुणी आलं की दोन मिनिटं गप्पा. नळी चालूच! अशी नळी दहा मिनिटं चालली तर किती पाणी गेलं? १५ गुणिले १०. दीडशे लिटर.

दीडशे लिटर म्हणजे किती, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही. म्हणून त्याच्या शेजारी दुसरा आकडा मांडू. केंद्र सरकारनं २०१९ साली ‘जल जीवन मिशन’ सुरू केलं. खेड्यातल्या प्रत्येक घरात नळानं पाणी द्यायचं, आणि माणशी रोज किमान ५५ लिटर द्यायचं, असं त्यात ठरलं. पिणं, स्वयंपाक, आंघोळ, धुणं, भांडी हे सगळं धरून ५५! म्हणजे काकांच्या गाडीनं दहा मिनिटांत जवळजवळ तीन माणसांचं दिवसभराचं पाणी संपवलं. आणि गाडीला तहान लागलेली नव्हती.

आता एका आगगाडीची गोष्ट सांगते. ही गाडी आपल्या मिरजेहून सुटली होती. २०१६ चा उन्हाळा होता. मराठवाड्यात दुष्काळ पडला होता आणि लातूर शहराच्या नळांना पाणी येईना. तेव्हा ११ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून दहा वाघिणी पाण्यानं भरून लातूरकडे निघाल्या. (वाघीण म्हणजे रेल्वेची वॅगन बरं का, जंगलातली नव्हे!) एकेका वाघिणीत सुमारे ५० हजार लिटर, असं सगळं मिळून पाच लाख लिटर पाणी. तीनशेहून जास्त किलोमीटरचा प्रवास करून दुसऱ्या दिवशी पहाटे ती लातुरात पोचली. लोकांनी तिला ‘जलदूत’ म्हटलं. पुढे तर पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली. एका फेरीत २५ लाख लिटर!

आता त्या पहिल्या गाडीच्या पाच लाख लिटरला दीडशेनं भागा बरं. उत्तर येतं ३,३३३. म्हणजे अख्खी आगगाडी भरून नेलेलं पाणी नळीनं गाड्या धुवायचं म्हटलं तर सव्वातीन हजार गाड्यांतच संपून जाईल. सातारा किंवा सांगलीसारख्या शहरात एका रविवारी किती गाड्या धुतल्या जात असतील? तुम्हीच अंदाज करा.

या जलदूतच्या गोष्टीतला एक तुकडा मला फार आवडतो. पाणी भरण्याआधी या टाक्या आतून स्वच्छ करायच्या होत्या. ते काम राजस्थानात कोटा इथल्या रेल्वेच्या कारखान्यात झालं, आणि झालं ते वाफेनं! एक लिटर पाणी उकळून त्याची वाफ केली तर ती सोळाशे लिटरहून जास्त जागा व्यापते. थोडंसं पाणी, पण कानाकोपऱ्यात पोचणारं आणि चिकट मळ सुटा करणारं. म्हणजे धुण्याला पाण्याचे लोटच हवेत असं काही नाही.

तुमच्यातला एखादा म्हणेल, “बाई, लातूरचं ठीक आहे. आपल्याकडे कृष्णा आहे, कोयना आहे, वारणा आहे!” आहे ना. पण आपल्या सातारा जिल्ह्याचा नकाशा उघडा. पश्चिमेला महाबळेश्वर. तिथं वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. पूर्वेला माण तालुका, दहिवडी, म्हसवड. तिथं पाचशे मिलिमीटरच्या आसपास पडला तरी वर्ष बरं गेलं म्हणतात. जिल्हा एकच, पण पावसात दहापटीहून जास्त फरक! सांगली जिल्ह्यातही तसंच. शिराळ्याला भाताची खाचरं आणि जत-आटपाडीकडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारे हंडे. कराडजवळच्या टेंभूहून कृष्णेचं पाणी आटपाडीकडे नेलं आहे, पण ते आपोआप वाहत गेलेलं नाही. पंपांनी टप्प्याटप्प्यानं वर चढवलं आहे. तिथल्या पाण्याच्या प्रत्येक थेंबाला विजेचं बिल चिकटलेलं असतं.

मग काय, गाडी धुवायचीच नाही? धुवायची की! ऊस गाळपाच्या दिवसांत साखर कारखान्याच्या धुराड्यातून उडालेली काळी राख तुम्ही गच्चीवर पाहिली असेल. वाळत घातलेल्या पांढऱ्या शर्टावर तर ती हमखास बसते. तीच राख, रस्त्याची धूळ आणि पहाटेचं दव मिळून काचेवर असा काही लेप तयार होतो, की समोरून दिवे आले की ड्रायव्हरला काही दिसत नाही. तेव्हा गाडी स्वच्छ हवीच. फक्त दीडशे लिटर कशाला?

यावर जगात एक उत्तर निघालं आहे. इंग्रजीत त्याला ‘रिन्सलेस वॉश’ म्हणतात. आपण त्याला ‘न विसळता धुणं’ म्हणू या. सात-आठ लिटर पाणी, त्यात झाकणभर खास द्रव, काही मऊ फडकी, आणि झालं! वरून पुन्हा पाणी ओतायचं नाही, नळी लावायची नाही. अमेरिकेतलं ‘ऑप्टिमम नो रिन्स’ नावाचं द्रावण यासाठी गाजलं. साडेसात लिटर पाण्यात साधारण ३० मिलिलिटर द्रव, असं त्याचं प्रमाण. आता इतर कंपन्यांचीही अशी द्रावणं मिळतात.

पण थांबा! हे ऐकून उद्या लगेच ओलं फडकं घेऊन बाबांच्या गाडीवर तुटून पडू नका. आधी एका प्रश्नाचं उत्तर शोधायला हवं. ते सापडलं की पुढचं सगळं सोपं आहे. प्रश्न असा: मळ जातो कुठं?

नळीनं धुताना मळ पाण्याबरोबर वाहून जातो. पाण्याचं काम केवळ ओलं करणं नसतं, ओझं वाहून नेणं असतं. पाणी कमी केलं तर हे ओझं कोण उचलणार? कुणीच उचललं नाही तर मळ गाडीवरच राहतो, फडक्याखाली सापडतो आणि फडक्याबरोबर गाडीभर फिरतो. धुळीतले वाळूचे कण म्हणजे गारगोटीचेच कण. खनिजांचा कठीणपणा मोजायची एक पट्टी असते, तिला मोहची पट्टी म्हणतात. सगळ्यात मऊ शंखजिरं, त्याला १. सगळ्यात कठीण हिरा, त्याला १०. गारगोटीचा नंबर ७. काच साधारण साडेपाच. म्हणजे वाळूचा कण काचेवरसुद्धा ओरखडा काढतो. मग रंगाची काय कथा?

आणि रंग तरी किती जाड असतो? आजकालच्या बहुतेक मोटारींना रंगावर एक पारदर्शक लेप दिलेला असतो. गाडीची चमक ती त्याचीच. त्याची जाडी ४०-५० मायक्रॉनच्या आसपास असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. कळलं नाही? तुमची २०० पानी वही घ्या. पुठ्ठे सोडून पट्टीनं जाडी मोजा. साधारण ८ मिलिमीटर भरेल. २०० पानं म्हणजे कागद किती? फसू नका, १००! एक कागद पाठपोट दोन पानांचा. म्हणजे एका कागदाची जाडी ०.०८ मिलिमीटर, अर्थात ८० मायक्रॉन. गाडीची सगळी चमक वहीच्या अर्ध्या कागदाएवढ्या थरात आहे.

आता एक गंमत बघा. उन्हात उभ्या असलेल्या एखाद्या काळ्या गाडीच्या बॉनेटवर सूर्याचं प्रतिबिंब शोधा. (प्रतिबिंबाकडे टक लावून बघू नका हं, डोळ्यांना त्रास होतो. त्यापेक्षा रात्री रस्त्यावरच्या दिव्याचं बघा.) दिव्याभोवती बारीक बारीक रेघांची गोल गोल वलयं दिसतील. जणू कोळ्यानं जाळं विणलंय. पुष्कळांना वाटतं, फडकं गोल फिरवलं म्हणून ओरखडे गोल पडले. तसं नाही. बॉनेटवर उभे, आडवे, तिरके, सगळ्या दिशांनी ओरखडे असतात. त्यातले जे दिव्याच्या दिशेला आडवे पडतात तेवढेच चमकतात, बाकीचे दिसत नाहीत. म्हणून तुम्ही बाजूला सरकलात की ते जाळंही तुमच्याबरोबर सरकतं! पावसानं भिजलेल्या झाडाच्या फांद्यांमधून रस्त्यावरचा दिवा बघा. तिथंही फांद्यांची अशीच गोल वलयं दिसतात. एका मुलानं मला विचारलं, “मग बाई, फडकं सरळ फिरवा असं का सांगतात?” प्रश्न बरोबर आहे. सरळ पुसलं की कण गाडीभर फिरत नाही, आणि चुकून ओरखडा पडलाच तर तो एकाच दिशेनं पडतो, दिसतो कमी.

घरात एखादी जुनी, निकामी सीडी पडली असेल तर हे करून बघा. तिच्या चकचकीत बाजूवर चिमूटभर बारीक वाळू टाका आणि अर्ध्या भागावर कोरड्या फडक्यानं घासा. मग धुऊन उजेडात धरा. दुसऱ्या अर्ध्या भागावर वाळू टाकून तिच्यावर शाम्पूचं पाणी भरपूर शिंपडा, मिनिटभर थांबा आणि मऊ ओल्या फडक्यानं दाब न देता एकदाच अलगद टिपून घ्या. दोन्ही बाजू ताडून बघा. कोरडं फडकं मारणं म्हणजे गाडीला पॉलिश-पेपर लावणं, हे मग वेगळं सांगायला नको.

तर ओझं कोण उचलणार? न विसळता धुण्यात हे काम दोघं मिळून करतात.

पहिला गडी म्हणजे ते द्रावण. त्यात पॉलिमर असतात. पॉलिमर म्हणजे माळेसारखे लांबच लांब रेणू. भजी करताना कांदा कसा पिठात घोळला जातो, तसा धुळीचा कण या रेणूंनी वेढला जातो. त्याची टोकं बोथट होत नाहीत, पण त्याच्या आणि रंगाच्या मध्ये एक निसरडा थर येतो. कण रुतायच्या ऐवजी घसरतो. साध्या साबणानं हे का होत नाही? साबण मळ सुटा करतो, पण तो मळ आणि स्वतः साबण दोघांनाही वाहून न्यायला मागून भरपूर पाणी लागतं. विसळलं नाही तर पांढरे पट्टे उठतात. कपड्याची पावडर तर वापरूच नका; ती गाडीवरचं मेण उतरवते. पूर्वी काही ठिकाणी डिझेल किंवा रॉकेलच्या बोळ्यानं गाडी पुसायचे. गाडी तासभर चमकायची आणि मग रस्त्यावरची सगळी धूळ त्या तेलकटपणाला येऊन चिकटायची. रबराचंही नुकसान, आणि पेटण्याचा धोका वेगळाच.

दुसरा गडी म्हणजे फडकं. हे साधं फडकं नव्हे. मायक्रोफायबर नावाचं कापड मिळतं, चष्मा पुसायच्या मऊ रुमालाचा हा केसाळ भाऊ. धाग्याचा बारीकपणा ‘डेनियर’मध्ये मोजतात. नऊ हजार मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितके डेनियर. मायक्रोफायबरचा तंतू एक डेनियरपेक्षाही बारीक असतो. नऊ हजार मीटर म्हणजे नऊ किलोमीटर, जवळजवळ सांगलीपासून मिरजेपर्यंत. एवढा लांब तंतू ताणला तरी त्याचं वजन एक ग्रॅम भरायचं नाही! इतके बारीक तंतू बनवायची कला जपानमध्ये साधली. तोरे कंपनीतले शास्त्रज्ञ मियोशी ओकामोटो यांनी १९७० च्या सुमारास त्यात मोठं काम केलं. पुसायच्या फडक्यात पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइड असे दोन पदार्थ असतात. त्यांचा तंतू संत्र्याच्या फोडींसारखा उभा फाटलेला असतो. दोन फोडींच्या मधल्या फटीत पाणी आणि मळ शिरून बसतो. म्हणजे मळ गाडीवरून निघून फडक्याच्या पोटात जातो. मिळालं ना उत्तर?

एकदा हे कळलं की कृती पाठ करायची गरजच नाही. तुम्हीच सांगा, फडक्याच्या पोटात मळ गेल्यावर ते परत बादलीत बुडवायचं का? छे! बादलीभर पाणी गढूळ होईल आणि तोच मळ पुन्हा गाडीवर येईल. म्हणून एक फडकं घेत नाहीत, सहा-आठ फडकी घेतात. सगळी बादलीत भिजवून ठेवायची. एक काढून हलकं पिळायचं, चार घड्या घालायच्या. झाले त्याचे आठ चेहरे. एका चेहऱ्यानं हातभर जागा पुसली की घडी उलटायची, नवा चेहरा. आठ चेहरे संपले की ते फडकं बाजूला, दुसरं घ्यायचं. वापरलेल्याला बादलीची वाट बंद!

टपापासून सुरुवात करून खाली यायचं, कारण सगळ्यात जास्त खडी आणि चिखल खालच्या पट्टीवर असतो. पुसण्याआधी त्याच द्रावणाचं पाणी फवाऱ्याच्या बाटलीनं त्या भागावर मारून मिनिटभर थांबायचं, म्हणजे धूळ भिजून सुटी होते. एक दार पुसलं की ते वाळायच्या आत कोरड्या फडक्यानं टिपायचं, मग पुढचं दार. आणि हे सावलीतच, इंजिन गार असताना. आपल्याकडच्या एप्रिलमधल्या उन्हात बॉनेटवर हात ठेवून बघा (किंवा नकोच, पोळेल!). त्यावर पाणी क्षणात उडून जातं. त्यात आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी बोअरचं पाणी. ते दुष्फेन असतं, त्यात साबणाला फेस येत नाही, हे विज्ञानाच्या तासाला शिकलात ना? पाणी उडून जातं आणि त्यातले क्षार पांढरे डाग होऊन मागे राहतात. पाणी कमी आणि लगेच टिपलेलं, तर डागही कमी.

चाकं सगळ्यात शेवटी, आणि त्यांची फडकी वेगळी. ब्रेकची पूड आणि डांबराचे ठिपके रंगाला लागायला नकोत.

दुचाकीला दोन-तीन लिटर पुरतात. तुमच्या सायकलला तर तांब्याभर.

आता ही पद्धत कुठं चालत नाही तेही सांगायला हवं. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. घरं बुडाली, दुकानं बुडाली, दारातल्या गाड्या बुडाल्या. पूर ओसरल्यावर सगळ्यावर गाळाचा जाड थर. २०२१ च्या जुलैतही सांगलीकरांनी पूर पाहिला. अशा गाडीवर कुणी फडकं फिरवलं तर ती पाणी वाचवण्याची हौस महागात पडेल. चिखल जाड असेल तर आधी तो पाण्यानं भिजवून, धार सोडून खाली पाडलाच पाहिजे. पावसाळ्यात पाचगणी-महाबळेश्वरहून आलेली लाल चिखलानं माखलेली गाडी किंवा उसाच्या फडातून काळी माती घेऊन आलेला ट्रॅक्टर यांनाही हाच नियम. बोटानं चिखल खरवडून बघा. खडे हाताला लागले की आधी पाणी. नुसती धूळ असेल तर अर्धी बादली. (आणि पुरात बुडालेली गाडी आधी मेकॅनिकला दाखवायची, किल्ली फिरवून बघायची नाही. मोठ्यांनाही हे सांगा.)

चिखल धुवायचाच आहे तर नदीवर नेऊन धुवावा, असं कुणी म्हणेल. माहुलीच्या संगमापासून सांगलीच्या घाटापर्यंत नदीकाठी लोक गाड्या धुताना दिसतात. “बेंदराला बैल नदीत धुतात, मग ट्रॅक्टर का नको?” असा प्रश्न वर्गात आला होता. मला तो फार आवडला. बैलाच्या अंगावर माती असते, ट्रॅक्टरच्या अंगावर ऑइल आणि ग्रीस. तेल पाण्यावर किती पसरतं ठाऊक आहे? अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन, तेच ते पतंगवाले, त्यांनी लंडनजवळच्या एका तळ्यात चमचाभर तेल ओतलं होतं. ते पसरत पसरत अर्धा एकर पाण्यावर गेलं, म्हणजे वीस गुंठे! १७७४ साली त्यांनी हे छापून प्रसिद्ध केलं. एका चमच्यात वीस गुंठे, तर मग ट्रकच्या चेसिसवरून गळणाऱ्या तेलाचा हिशेब करा. कृष्णेला आधीच सांगलीत शेरीनाल्याचं सांडपाणी सोसावं लागलेलं आहे. शिवाय १९७४ च्या जल प्रदूषणाच्या कायद्यानं नदी-ओढ्यांत घाण सोडायला मनाई आहे. अर्ध्या बादलीतलं उरलेलं मळकट पाणीही ओढ्यात किंवा भाजीच्या वाफ्यात ओतू नका. मोरीत ओता.

काही शहरांनी तर सक्तीच केली. चंडीगडला उन्हाळ्यात सकाळी नळीनं गाडी धुताना सापडलं की दंड होतो. बंगळुरूत मार्च २०२४ मध्ये पाण्याची टंचाई आली तेव्हा पिण्याच्या पाण्यानं गाडी धुणाऱ्याला पाच हजार रुपये दंड ठरला. दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनमध्ये २०१८ साली नळाच्या पाण्यानं गाडी धुवायला बंदी होती आणि माणशी रोज ५० लिटर एवढंच पाणी वापरायला परवानगी.

मला मात्र दंडापेक्षा एका माणसाची जास्त आठवण येते. शहरातल्या अपार्टमेंटमध्ये पहाटे एक काका येतात, एक बादली आणि एक फडकं घेऊन. शाळेची रिक्षा यायच्या आत त्यांच्या आठ-दहा गाड्या पुसून झालेल्या असतात. विचार करा, एका बादलीत आठ गाड्या! पाणी वाचवण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. परदेशातल्या द्रावणांच्याही आधीपासून ते हेच करत आले आहेत. पण गाडीवर जाळं पडतं ते इथंच, आणि गाडीचे मालक त्यांच्यावर रागावतात. आता तुम्हाला ठाऊक आहे ना, मळ कुठं गेला? पहिल्या गाडीवरून फडक्यात, फडक्यातून बादलीत, बादलीतून आठव्या गाडीवर! यात काकांचा काय दोष? त्यांच्या हातात जुना बनियन आणि एकच बादली आपणच दिलेली असते. प्रत्येक घरानं आपापल्या गाडीची चार मऊ फडकी आणि झाकणभर द्रावण काढून ठेवलं, तर पाणीही वाचेल आणि रंगही. हे बाबांशी बोलून बघा. आणि सोसायटीच्या बैठकीला आई जात असेल तर तिच्याशीसुद्धा.

इथं एखादी चौकस मुलगी हात वर करणार, “बाई, पण मग ती फडकी धुवायला पाणी नाही का लागत?”

लागतं की! ते हिशेबात धरलंच पाहिजे. सात-आठ लिटर गाडीला आणि आठ फडकी हातानं धुवायला बादलीभर. म्हणजे एकूण वीस-पंचवीस लिटर. दीडशेच्या पुढे हे काहीच नाही, पण शून्यही नाही. दोन-तीन वेळची फडकी साठवून एकदम धुतली तर आणखी कमी. मात्र ती कपड्यांबरोबर धुवायची नाहीत, नाहीतर सुती कपड्यांचे धागे त्यांच्या फटींत अडकतात. कपडे मऊ करायचं सुगंधी द्रव घालायचं नाही, फटी बुजतात. इस्त्री तर अजिबात नको. हे शेवटी प्लॅस्टिकचेच तंतू, वितळतील. धुताना त्यातले थोडे तंतू पाण्यात जातातच आणि ते कुजत नाहीत. म्हणून उगीच दर दोन दिवसांनी फडकी धूत बसू नये.

आणि पुसताना एखादं फडकं हातातून निसटून अंगणात पडलं, तर झटकून पुन्हा रंगाला लावायचं नाही. कितीही झटकलं तरी एखादा कण आत राहतोच. ते सरळ चाकांच्या फडक्यांत टाकायचं.